मनी, पैसा आणि पैसे



या सदरात आपण रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द घेतो आणि त्याच्याकडे जरा थांबून बघतो. या वेळी घेऊ 'मनी'. इंग्रजीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भेटणारा हा शब्द. आमच्या भेस्तानच्या गल्लीतल्या कुठल्याही पोराला विचारा, ते सायकल न थांबवता सांगेल, "मनी म्हणजे पैसा." उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कळलं नाही म्हणून आमच्याच गल्लीत एका घराचं महिन्याचं भाडं गेलं. ती गोष्ट पुढे येईलच. आधी शब्दाची ओळख करून घेऊ.

'मनी' इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये आला लॅटिनमधून. रोममध्ये कॅपिटोलाइन टेकडीवर जुनो देवीचं देऊळ होतं. या देवीचं एक नाव होतं मोनेटा. रोमन लोकांची टाकसाळ या देवळालगत होती, त्यामुळे टाकसाळीला आणि तिथल्या नाण्यांनाही 'मोनेटा' म्हणू लागले. त्यातून एकीकडे 'मनी' निघाला आणि दुसरीकडे टाकसाळ या अर्थाचा 'मिंट'. म्हणजे ही दोन सख्खी भावंडं. सिसेरोसारख्या जुन्या रोमन लेखकांनी 'मोनेटा' या नावाचा अर्थ 'सावध करणारी' असा लावला आहे. सावध करणाऱ्या देवीच्या दारात नाणी पाडली जायची, एवढं आज ध्यानात ठेवा.

टाकसाळ आपल्या सुरतेलाही नवीन नाही. मोगलांच्या काळात इथे रुपये पाडले जायचे. परदेशी व्यापारी जहाजातून चांदी आणत आणि ती टाकसाळीत देऊन तिचे रुपये करून घेत. 'रुपया' हा शब्दच मुळी चांदीचा, संस्कृतातल्या 'रूप्य' वरून आलेला.

'पैसा' हेही नाण्याचंच नाव. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे एका रुपयाचे ६४ पैसे होत. त्या दिवसापासून रुपयाचे १०० 'नये पैसे' झाले आणि १ जून १९६४ पासून त्यातलं 'नये' गळून पडलं. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. आता उरले पन्नास पैसे, तेही भाजीवाली हातात घेत नाही. नाणं गेलं, पण नाव मात्र पक्कं राहिलं. लाखाची गोष्ट असली तरी आपण विचारतो, "पैसे किती लागतील?"

मराठीची एक गंमत बघा. "त्याच्याकडे पैसा आहे" आणि "त्याच्याकडे पैसे आहेत" ही दोन वाक्यं सारखी नाहीत. पहिल्याचा अर्थ तो श्रीमंत आहे. दुसऱ्याचा अर्थ या घडीला त्याच्या खिशात देण्यापुरती रक्कम आहे. पैसा असलेल्या माणसाकडे रिक्षावाल्याला द्यायला पैसे नसतात, आणि पैसा नसलेल्या घरात पाहुणा आला की डब्याच्या तळातून पैसे निघतात. इंग्रजीत दोन्हीला 'मनी'च. वर तो मोजताही येत नाही. रुपये मोजता येतात, नोटा मोजता येतात, पण 'मनी'ला 'मेनी' चालत नाही, 'मच' लागतं. शिकवणीला येणारी मुलं इथे हमखास अडतात. "बाई, पैसे तर मोजता येतात ना?" असं विचारतात. मी सांगते, पाणी मोजतो का? तांब्याने मोजतो, बादलीने मोजतो. तसा 'मनी' रुपयाने मोजायचा.

आपल्या खानदेशी घरांत तर 'मनी'ची आणखीच मजा. आपल्या बोलीत 'ण' जवळजवळ नाहीच. पाणी म्हणजे पानी आणि मणी म्हणजे मनी. एका घरी सातवीतला नातू आजीला म्हणाला, "आजी, तुझ्या मंगळसूत्रात काळे मनी. काळे म्हणजे ब्लॅक. तुझ्याकडे ब्लॅक मनी!" आजी म्हणाल्या, "व्हय रे बाबा, पन तो मी लपाडेल नहीं, गयामा घालेल से." आणि 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण तर दोन्ही अर्थांनी खरी आहे.

पण थट्टा बाजूला ठेवली तर एक गोष्ट लक्षात येते. एकटा 'मनी' आपण बोलण्यात वापरतच नाही. "माझे मनी संपले" असं कुणी म्हणत नाही. पगार म्हणतो, आणि हा 'पगार' पोर्तुगीजांकडून आला आहे. कॅश म्हणतो, पेमेंट म्हणतो, बॅलन्स म्हणतो. सुरतेत राहून 'रोकडा' आणि 'छुट्टा' म्हणायला लागलो. संच्यावर काम करणारा माणूस 'खात्यात' जातो, म्हणजे लूमच्या कारखान्यात जातो. महिन्याने पगारही 'खात्यात' येतो, म्हणजे बँकेत येतो. गावाकडून नवीन आलेल्या सुनेला हे समजायला चार दिवस लागतात. 'मनी' मात्र आपल्याकडे कायम कुणाचा तरी हात धरून आला. मनीऑर्डर, पॉकेटमनी, मनी प्लांट, मनी बॅक पॉलिसी.

यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जवळची मनीऑर्डर. आपल्या टपाल खात्याने ती १८८० मध्ये सुरू केली. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात आणि घाटावर, नंतर सुरतेच्या गिरण्यांतून आणि लूमच्या खात्यांतून धुळे, नंदुरबार, जळगावकडे किती घरं या एका कागदावर चालली! फॉर्मच्या तळाशी एक छोटं कूपन असायचं. तेवढ्या जागेत सगळा संसार मावायचा. तब्येत सांभाळा, बैलाचं बघा, दिवाळीला येतो. शेवटच्या काळात दर वीस रुपयांमागे एक रुपया हशील पडायचं. शंभराला पाच म्हणजे कमी नव्हतं. पण त्या बदल्यात एक जिवंत माणूस दारात यायचा. पोस्टमन नाव विचारायचा, रक्कम सांगायचा, नोटा मोजून हातात द्यायचा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा अंगठा घ्यायचा, तोही साक्षीदारासमोर. पैसे आले की गेले, असा गोंधळ होण्याची शक्यताच नव्हती. घरात एकच प्रश्न असायचा, "पैसा उनात का?"

आता तो पोस्टमनचा आवाज फोनच्या पडद्यावर आला आहे, आणि पहिल्यांदाच 'मनी' हा शब्द रोज आपल्या बोटाखाली येतो. 'सेंड मनी', 'ॲड मनी', 'रिक्वेस्ट मनी', 'ट्रान्सफर मनी'. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. आज भेस्तान स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्यापासून पांडेसराच्या मिलमधल्या कारागिरापर्यंत सगळे ते वापरतात. सोय मोठी आहे. गावाला पैसे पाठवायला ना रांग, ना हशील. पण या चारही बटणांत एक गोष्ट नीट बघा. 'मनी' चौघांतही तोच आहे. पैसे कुठल्या दिशेने जाणार हे 'मनी' सांगत नाही, ते त्याच्या आधीचा शब्द सांगतो.

आता ती भाड्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी घरातलं जुनं लोखंडी कपाट विकायला काढलं. फोनवर फोटो टाकला. लगेच एकाचा फोन आला. गोड बोलला, भावाची घासाघीसही केली नाही. म्हणाला, "ताई, साडेचार हजार आत्ताच पाठवतो. फोनवर मनीचा मेसेज येईल. फक्त पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील." मेसेज खरंच आला. इंग्रजीत होता. त्या ओळीत ताईंना दोन गोष्टी वाचता आल्या, ४५०० हा आकडा आणि 'मनी' हा शब्द. त्यांच्या मते मनी म्हणजे पैसा, आणि पैसा येणार होता. त्यांनी पिन टाकला. पैसे गेले. त्या ओळीत 'रिक्वेस्टेड' असा एक शब्द होता. समोरचा पैसे देत नव्हता, मागत होता. साधं आपल्या बोलीत सांगायचं तर, "तो पैसा मांगी राहिना." एवढं चार शब्दांत कुणी सांगितलं असतं तर ताईंनी फोन बाजूला ठेवला असता.

ताई अडाणी नाहीत. सातवीपर्यंत शिकल्या आहेत, साड्यांवर टिकल्या लावायचं काम घेतात, नगाचा हिशेब तोंडपाठ असतो. त्यांना पैसा कळत होता, फक्त क्रियापद परक्या भाषेत होतं. म्हणून मी म्हणते, 'मनी म्हणजे पैसा' हे उत्तर अर्धं आहे. पाठ करायचं ते पुढचं आणि मागचं.

एका माणसाने दुसऱ्याकडे अशी मागणी पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे. पण फसवणारा थांबत नाही, तो वाट बदलतो. आता म्हणतो, "मी क्यूआर पाठवलाय, तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील." नियम एकच आणि तो बदललेला नाही. पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक बघताना. पैसे घेताना पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. मनीऑर्डर घेताना आपण पोस्टमनला तिजोरीची किल्ली देत नव्हतो, तसंच हे. तरीही कुणी फसलंच, तर लाज बाळगू नका, सकाळची वाट बघू नका. लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त.

दुसरी गोष्ट कर्जाची. इंग्रजी शब्द काय करतो बघा. 'कर्ज' म्हटलं की छातीवर दगड आल्यासारखं होतं. घरात चार जणांना विचारावं लागतं. 'लोन' म्हटलं की तेवढं जड वाटत नाही. 'इन्स्टंट मनी' म्हटलं की ते कर्ज आहे हेच विसरायला होतं. कामावर आगाऊ घेतलेल्या पैशाला आपल्याकडे 'उचल' म्हणतात, इथे गुजरातीत 'उपाड' म्हणतात. दोन्ही शब्दांत आपण काहीतरी उचललं आहे, ते खाली ठेवावं लागणार, हे ऐकू येतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तर 'उचल' शब्दाचं वजन सांगायलाच नको. 'ॲडव्हान्स' म्हटलं की तोच पैसा बक्षिसासारखा वाटायला लागतो.

न कळणाऱ्या कागदावर अंगठा देणं आपल्या मुलखाला महागात पडलेलं आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जाचे रोखे जाळले. तो उठाव आणखी गावांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. राग कागदावर होता, कारण त्या कागदावर काय लिहिलं आहे ते कर्ज घेणाऱ्याला वाचता येत नव्हतं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. त्यात एक शहाणपणाची तरतूद होती. शेतकऱ्याचा कर्जरोखा गावच्या निबंधकासमोर त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा. म्हणजे अंगठा उठवण्याआधी निदान एक तिसरा माणूस मध्ये असावा.

त्या कायद्यानंतर १४५ वर्षांनी, २०२४ मध्ये, रिझर्व्ह बँकेने जवळजवळ तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँकेने किंवा वित्त कंपनीने 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा कागद द्यायचा आहे. कर्जाची मुख्य माहिती त्यात एका जागी असते. हा कागद कर्ज घेणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे आणि तो समजावून सांगितला पाहिजे, असं नियमात लिहिलं आहे. कर्ज सात दिवसांचं किंवा त्याहून जास्त मुदतीचं असेल तर त्या अटींवर विचार करायला कामकाजाचे किमान तीन दिवस मिळतात. "आत्ताच्या आत्ता सही करा, ऑफर रात्री बाराला संपते," असं कुणी म्हणालं की या तीन दिवसांची आठवण करून द्या.

त्या कागदात एक आकडा असतो, 'एपीआर'. वर्षाला सगळं धरून कर्ज किती टक्क्याला पडतं, ते तो सांगतो. का बघायचा, ते एका हिशेबात सांगते. समजा दहा हजारांचं कर्ज मंजूर झालं आणि पाचशे रुपये 'प्रोसेसिंग फी' म्हणून आधीच कापले. हातात आले साडेनऊ हजार, व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर. एपीआरमध्ये ही कापलेली फीसुद्धा धरलेली असते, नुसत्या व्याजदरात नसते. आणि 'फक्त तीन टक्के' असं ऐकलं की पुढचा प्रश्न लगेच विचारा, महिन्याला की वर्षाला? महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. भिशी चालवणाऱ्या आपल्या बायकांना हा हिशेब शिकवायची गरज नाही. त्यांना फक्त तो आपल्या भाषेत समोर ठेवलेला हवा.

म्हणून या महिन्याचा घरचा अभ्यास. फोनमधले आणि फॉर्मवरचे हे शब्द एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर चिकटवा. समोर त्यांचा घरगुती अर्थ लिहा.

सेंड मनी: मी पैसे पाठवतोय. माझे कमी होणार.

रिक्वेस्ट मनी, किंवा रिक्वेस्टेड: कुणीतरी पैसे मागतंय. दिले तर माझे कमी होणार.

ॲड मनी: माझ्या बँकेतले पैसे माझ्याच दुसऱ्या कप्प्यात टाकतोय. नवीन काही आलेलं नाही.

रिसीव्हड: पैसे आले. यासाठी मला काही करावं लागलं नाही.

डेबिटेड: खात्यातून गेले. क्रेडिटेड: खात्यात आले.

क्रेडिट लिमिट: उधारीची हद्द. ही माझी शिल्लक नाही.

मिनिमम ड्यू: आज निदान एवढं भरा. बाकीच्यावर व्याज चालूच राहणार.

अर्थ लिहिताना पुस्तकी मराठी अजिबात वापरू नका. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत लिहा, गुजराती जास्त कळत असेल तर गुजरातीत लिहा. सासूबाईंना जे एका झटक्यात कळेल ते बरोबर. एका घरात मुलीने आईसाठी 'डेबिटेड'समोर नुसतं 'गया' लिहिलंय आणि 'क्रेडिटेड'समोर 'उना'. याहून चांगला शब्दकोश मी पाहिला नाही.

आणि हे काम मुलांकडून करून घ्या. आपली मुलं इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात, मराठी मागे पडते अशी आपली तक्रार असते. इथे मुलाला दोन्ही भाषा लागतील, आणि त्याच्या मराठीचा घराला थेट उपयोग होईल. आजीचे साडेचार हजार वाचवणारी मराठी मुलाला कंटाळवाणी वाटत नाही, हे माझ्या शिकवणीतलं निरीक्षण आहे.

तुमच्या घरच्या यादीत आणखी कुठले शब्द चढले ते मंडळाच्या पत्त्यावर कळवा. चांगले अर्थ पुढच्या अंकात छापू. पुढच्या महिन्यात घेऊ 'फ्री' हा शब्द. तोपर्यंत कुणी काही फ्रीमध्ये देत असेल तर जरा थांबा!